खोली मिळेल का? मधलं शहर आणि मराठी साहित्य

(वडवणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

मित्रहो, मागं उभी आहेत ती पोरं पुढं या. पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत.

संयोजकांनी मला विषय दिला 'मध्यम शहरातलं जगणं आणि मराठी साहित्य'. एवढा मोठा विषय तासाभरात संपत नसतो, म्हणून त्यातला एकच धागा मी धरणार आहे. तो आहे भाड्याच्या खोलीचा. वडवणीत बसून मधल्या शहराकडं पाहिलं, तर शहराबद्दलचा पहिला प्रश्न रस्त्याचा नसतो, पाण्याचा नसतो, सिनेमा थिएटरचा तर नसतोच. पहिला प्रश्न असतो, खोली मिळेल का? आणि माझं म्हणणं असं, की मराठीत मधल्या शहराबद्दल जे चांगलं लिहिलं गेलं ते याच प्रश्नाच्या आसपास लिहिलं गेलं. आपण समीक्षक मंडळींनी मात्र ते शहराचं साहित्य म्हणून कधी वाचलं नाही. दुसऱ्याच कप्प्यात ठेवून दिलं.

कप्पे कुठले, ते तुम्हाला माहीत आहेत. कॉलेजात मराठी घेतलेल्यांना तर प्रश्नपत्रिकेसकट माहीत आहेत. एक 'ग्रामीण', दुसरा 'महानगरी'. ग्रामीण म्हटलं की बनगरवाडी, पाचोळा, झोंबी. महानगरी म्हटलं की वासूनाका, मुंबई दिनांक. आता यातली 'झोंबी' घ्या. आनंद यादवांचं हे आत्मचरित्र १९८७ साली आलं, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, ग्रामीण साहित्याचं ते मोठं निशाण मानलं जातं. ते घडतं कुठं? कागलला. कागल म्हणजे घाटग्यांच्या जहागिरीचं ठिकाण, तालुक्याचं गाव, तिथून कोल्हापूर काही लांब नाही. शाळा आहे, बाजार आहे, कचेरी आहे. तरी आपण ते 'खेड्याचं' साहित्य म्हणून शिकवतो, कारण मोट आहे, मळा आहे आणि बाप पोराला शाळेत जाऊ देत नाही. मळा दिसला की आपण गावाची वस्ती मोजणं सोडून देतो. गंमत नाही करत मी. समीक्षेची ही खरीच सवय आहे.

खरं तर आपल्या भाषेत या मधल्या जागेला शब्द होता. कसबा. परगण्याचं मुख्य गाव, जिथं पेठ असते, कचेरी असते, तो कसबा. बाकीची गावं 'मौजे'. हिंदीवाल्यांनी 'कस्बा' हा शब्द जिवंत ठेवला, त्यात कथा-कादंबऱ्या लिहिल्या, कस्ब्याची म्हणून एक दृष्टी तयार केली. आपल्याकडं कसबा उरला तो पेठेच्या नावात, नाही तर जमिनीच्या कागदावर. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात एक 'कसबा बीड' आहे. आपलं बीड जिल्ह्याचं ठिकाण, पण त्याला कोणी कसबा म्हणत नाही. असो.

सरकारच्या भाषेत बीड काय आहे? २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९. एक लाखाच्या वर गेलं की जनगणनेच्या हिशेबात ते पहिल्या वर्गाचं शहर. नगरपरिषदही 'अ' वर्गाची. ऐकायला बरं वाटतं. आता हेच सरकार दुसऱ्या एका कागदात बीडला काय म्हणतं ते थोड्या वेळानं सांगतो. तो कागद मला कुठल्याही कादंबरीइतका वाचनीय वाटतो.

वडवणीतून बीडला दोन प्रकारची माणसं जातात. एक जाऊन येणारी. त्यांचा शब्द तुम्ही रोज वापरता, अप-डाऊन. दुसरी राहायला जाणारी. त्यांचा शब्दही तुमचाच आहे, 'खोली करून राहतो'. हे 'करणं' मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्यात पोरं रूम 'घेतात', नाही तर पीजीत 'राहतात'. आपल्याकडं खोली 'केली' जाते, जसं बिऱ्हाड केलं जातं, जसा स्वयंपाक केला जातो. म्हणजे चार भिंती मिळाल्यानं ती खोली होत नाही. एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी नाही तर निदान ड्रम, खिळ्यावर दप्तर, आणि गावाकडून एसटीनं येणारा डबा, हे सगळं जमलं की खोली 'झाली'. तो डबा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तो संप बातमी म्हणून आठवतो. खोली करून राहिलेल्या पोराला तो ताटावर आठवतो.

आता साहित्याकडं येतो. मी सुरुवात १९६३ पासून करणार आहे. त्या एका वर्षात मराठीत दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला'. दुसरं बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. दोन्हींवर ढीगभर लिहिलं गेलंय. पण ती शेजारी ठेवून फारशी वाचली गेली नाहीत. एक अस्तित्ववादाच्या धड्यात गेलं, दुसरं दलित साहित्याच्या धड्यात. शेजारी ठेवली तर काय दिसतं? दोन्हींत एक तरुण माणूस घर सोडून परक्या गावात राहायला गेलाय. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला जातो. त्याला जागा शोधावी लागत नाही. वसतिगृह आहे, मेस आहे, वडिलांचे पैसे आहेत. त्याचा त्रास त्या जागेत शिरल्यानंतर सुरू होतो. बागुलांच्या कथेतला निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. त्याची गोष्ट जागेत शिरण्याआधीच सुरू होते. राहायचं कुठं? आणि त्या प्रश्नापाठोपाठ लगेच दुसरा, तुम्ही कोण?

इथं तो जे उत्तर देतो ते नीट ऐका. तो जात सांगत नाही. आपण मुंबईचे आहोत असं सांगतो. शहराचं नाव पुढं करतो. आणि त्या नावावर त्याला खोली मिळते. पुढं जात कळते आणि मार खावा लागतो, ती कथा तुम्हाला माहीत आहे. पण मला त्यातला हा व्यवहार लक्षात ठेवावासा वाटतो, की काही काळापुरतं का होईना 'मुंबई' हे नाव जातीच्या जागी चाललं. एवढं मोठं नाव आहे ते. त्याच्या मागं काहीही लपतं.

वडवणीचा पोरगा बीडमध्ये खोली शोधायला गेला आणि त्याला विचारलं, "कुठले तुम्ही?" तर तो काय सांगेल? "वडवणीजवळचा." मग पुढचा प्रश्न, "वडवणीजवळ कुठलं?" गाव सांगितलं की, "तिथं अमुक पाटील आहेत ना? त्यांच्यातले का?" तीन प्रश्नांत काम संपलं. महानगरात तुम्हाला कोणी ओळखत नाही. खेड्यात सगळे ओळखतात. मधल्या शहरात तुम्हाला ओळखत नाहीत, पण तुमचं गाव ओळखतात. गावात कुठल्या आळीला कोण राहतं, कुठलं आडनाव कुणाचं, हे घरमालकाला पाठ असतं, कारण तो स्वतःच वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका गावातून आलेला असतो. परकेपणाचा फायदा इथं मिळत नाही, ओळखीचाही नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे परखड मत मांडलं, ते इथं बसलेल्या अनेकांना माहीत असेल. खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना त्यांनी सुनावलं होतं. त्या विचारामागं शहराबद्दलची एक आशा आहे, की गर्दीत माणसाची जात मागं पडते. मुंबईनं ती आशा काही प्रमाणात खरी केली, काही प्रमाणात नाही, हे दया पवारांच्या 'बलुतं'पासून आपण वाचत आलो. पण आपली दलित साहित्याची समीक्षा बरीचशी खेडं आणि मुंबई या दोन टोकांवरच चालली. ज्या शहरात गर्दी पुरेशी नाही, तिथं त्या आशेचं काय होतं? हा प्रश्न मराठीत विचारला गेला आहे, चांगला विचारला गेला आहे, आणि आपल्याच मराठवाड्यात विचारला गेला आहे.

शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. सगळे त्यावर बोलतात ते जन्माच्या प्रश्नाबद्दल, बाप कोण या प्रश्नाबद्दल, हन्नूरच्या भुकेबद्दल. ते योग्यच आहे, पुस्तकाचा तो गाभाच आहे. पण त्या पुस्तकाच्या उत्तरार्धाकडं मला तुमचं लक्ष न्यायचंय. निवेदक शिकतो, टेलिफोन खात्यात नोकरीला लागतो, अहमदपूरला जातो, मग लातूरला येतो. आणि लातुरात घर शोधताना जात आडवी येते. हातात सरकारी नोकरी, महिन्याला पगार, बरोबर संसार. भूक मागं पडलेली आहे. तरी दार उघडत नाही. खेड्यातला अपमान उघडा असतो, सगळ्यांसमोर होतो. इथला अपमान दारात उभा राहून, हळू आवाजात, बहुतेक वेळा 'अहो' म्हणून केला जातो. खोली कालच गेली. भाऊ येणार आहे राहायला. आम्हाला द्यायचीच नाही. मधल्या शहराचं हे नेमकं वर्णन आहे, आणि ते 'दलित आत्मकथन' या पाटीखाली असल्यामुळं 'शहर' या विषयाच्या यादीत कधी आलंच नाही. लातूरच्या माणसानंही ते आपल्या शहराचं पुस्तक म्हणून वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचायला पाहिजे.

याच्या शेजारी मी आता नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय ठेवतो. सत्तरच्या दशकात आलेल्या या कादंबऱ्या, बिढार, हूल, जरीला, झूल. नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी इंग्रजी शिकवत होते. चांगदेव पाटीलही इंग्रजीचा प्राध्यापक. एका गावातून दुसऱ्या गावात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात. पहिल्या कादंबरीचं नावच बघा, बिढार, म्हणजे आपलं बिऱ्हाड. मराठीत मधल्या शहरांवर यापेक्षा जास्त पानं कोणी लिहिलेली मला आठवत नाहीत. संस्थाचालक, त्यांच्या जाती, प्राचार्यांची भीती, स्टाफरूममधलं राजकारण, आणि संध्याकाळी करायला काहीच नसणं. हे संध्याकाळी काहीच नसणं तर नेमाड्यांनी असं पकडलंय, की मधल्या शहरात एकट्यानं राहिलेल्या कोणालाही ते पटेल. साडेसहाला बाजार, आठला जेवण, मग पुढं काय?

पण माझी तक्रार आहे. चांगदेव शहर पाहतो ते भाडेकरूच्या नजरेतून, आणि असा भाडेकरू की ज्याला राजीनामा देता येतो. त्याची डिग्री पुढच्या गावात चालते. कंटाळा आला, भांडण झालं, बिऱ्हाड उचललं. ही त्याची मोकळीक आहे आणि कादंबरीचा वेगही तिथूनच येतो. पण त्यामुळं त्या गावांतली माणसं त्याच्यासाठी बरीचशी नमुने होऊन बसतात, अर्क काढलेली, हसू येईल अशी. आपण हसतो, मीही हसलो. 'झूल'पर्यंत येता येता मात्र तेच ते भांडण, तीच ती क्षुद्रता परत परत येते आणि शहर थांबून जातं. जो माणूस कायम निघण्याच्या तयारीत आहे त्याला शहर तेवढंच दिसणार. चांगदेवाला खोली सोडायची असते. 'अक्करमाशी'तल्या माणसाला खोली मिळवायची असते. एकाच दशकाच्या आगेमागे, एकाच प्रकारच्या शहरांत, एकाच प्रकारच्या दारांसमोर हे दोघं उभे आहेत. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची कादंबरी आणि तिच्याशेजारी हे आत्मकथन, एकाच तासाला शिकवून बघा. मी शिकवून पाहिलंय. पोरं त्या तासाला मोबाईल काढत नाहीत.

हिंदीत विनोदकुमार शुक्लांची 'नौकर की कमीज' नावाची कादंबरी आहे, १९७९ सालची. तिच्यावर मणि कौल यांनी पुढं चित्रपटही केला. मधल्या गावातला एक कारकून, बायको, भाड्याचं घर. घरमालक डॉक्टर. भाडेकरूची बायको हळूहळू घरमालकाकडं कामाला कशी ओढली जाते, हे शुक्ल इतक्या सावकाश दाखवतात की वाचताना आपल्यालाही ते साधंच वाटू लागतं. तो कारकून कुठं निघून जात नाही. त्याला जाताच येत नाही. म्हणून गळणारं छप्पर, कचेरी, साहेबाचं घर, सगळं पूर्ण आकाराचं दिसतं. भाडं हे निव्वळ पैशाचं नातं नसतं, हे तिथं कळतं. मराठीत असं थांबून पाहणारं पुस्तक खोलीवर अजून व्हायचंय. किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यात शिकायला शहरात आलेला पोरगा आहे, आणि आपल्याला ओळखीचा वाटेल असा आहे. ही वाट मला आशेची वाटते. पण तो कोल्हापूरकडचा अनुभव. तिथं वसतिगृहांची शंभर वर्षांची परंपरा आहे, शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं उभी करून दिली. म्हणजे खोलीचा प्रश्न तिथं एका राजानं फार आधी ओळखला होता. आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्या वाट्याला ते आलं नाही.

आता तो कागद. समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना तुमच्यातल्या काहींनी घेतली असेल. ज्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, त्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणारी योजना, २०१६-१७ पासूनची. तिच्यात शहरांची वर्गवारी आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांना वर्षाला ६०,००० रुपये. त्याखालच्या महापालिकांच्या शहरांना ५१,०००. आणि इतर ठिकाणी ४३,०००. मूळ निर्णयात हे पैसे फोड करून दिलेत. 'इतर ठिकाणी' जेवणाला २५,०००, निर्वाहाला ६,०००, आणि राहायला १२,०००. वर्षाला. म्हणजे महिन्याला हजार रुपये.

जनगणनेत पहिल्या वर्गाचं असलेलं बीड इथं 'इतर ठिकाणी' आहे. महिन्याला हजार रुपयांत कसली खोली मिळते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मला यात आणखी काही दिसतं. योजना बनवणाऱ्यानं भाडं मोजलं. दार उघडेल की नाही हे त्याला मोजता येत नव्हतं. ज्या पोरासाठी ही योजना आहे, त्याला हजारात खोली शोधायची आहेच, शिवाय 'कुठले तुम्ही' या प्रश्नातून पार पडायचं आहे. 'अक्करमाशी' वाचलेल्या अधिकाऱ्यानं हा तक्ता केला असता तर तो वेगळा झाला असता का? मला खात्री नाही. पण साहित्य वाचायचं कशासाठी, असं पोरं विचारतात ना, तेव्हा मी हा तक्ता आणि ते पुस्तक दोन्ही टेबलावर ठेवतो.

आपल्या तालुक्याची आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाच्या ध्यानातच येणार नाही. ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून, कारखान्यांकडं निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. घराला कुलूप. म्हातारी माणसं मागं. आईबाप उसाच्या फडाजवळ कोपीत. आणि मोठं पोरगं अकरावी-बारावीला, नाही तर भरतीच्या तयारीला, बीडमध्ये खोली करून. आता बघा, त्या पाच-सहा महिन्यांत या कुटुंबाचा पक्का पत्ता कुठला? गावचं घर बंद. कोपी तर हंगाम संपला की मोडणार. राहिली ती भाड्याची खोली. आधारकार्डावर गाव आहे, पण घर चालू आहे ते त्या दहा बाय दहात. याला आपण कुठल्या साहित्यात बसवणार? ऊसतोडीवरचं लेखन ग्रामीण म्हणून वाचलं जातं, कारण ऊस आहे. पुन्हा तेच, मळा दिसला की गाव. पण त्याच घरातल्या पोराची कहाणी शहराची आहे. एकच घर, दोन कप्प्यांत फाडलेलं. शिवाय या पोराला डबा नाही. डबा करणारी आई फडात आहे.

सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. चांगलंच आहे. जिथं वसतिगृह आहे तिथं 'कुठले तुम्ही' हा प्रश्न अर्जात विचारला जातो, दारात नाही. हा फरक लहान वाटला तरी लहान नाही.

मुलींबद्दल थोडं बोलतो, थोडंच, कारण इथं माझं वाचन अपुरं पडतं की लेखनच कमी आहे असा प्रश्न नाही, लेखनच कमी आहे. जिल्ह्याच्या गावात खोली करून राहणारी, गावाकडून आलेली मुलगी मुख्य पात्र असलेली मराठी कादंबरी सांगा म्हटलं, तर शिकवणारे आम्ही लोकही गप्प होतो. आणि प्रत्यक्षात ती मुलगी बीडमध्ये आहे, लातुरात आहे, अंबाजोगाईत आहे, शेकड्यांनी आहे. तिला विचारले जाणारे प्रश्न तीनवर थांबत नाहीत. भेटायला कोण येणार? भाऊ म्हणजे सख्खा का? क्लास किती वाजता सुटतो? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याच्यावर विनोद पुष्कळ झाले. मी त्यात एक गोष्ट पाहिली. पूर्वी खोली ठरवायला बाप यायचा, नाही तर मामा. आता आया येऊ लागल्या. आई खोलीत शिरते, आधी कडी बघते. मग संडास कुठं आहे ते विचारते. मग खिडकी कुणीकडं उघडते ते बघते. घरमालकाशी बोलणं त्यानंतर. खोली वाचायची ही पद्धत कुठल्याही कादंबरीकारानं शिकून घ्यावी अशी आहे.

माझं शेवटचं म्हणणं घरमालकाबद्दल आहे. आतापर्यंत मी ज्या पुस्तकांची नावं घेतली, त्या सगळ्यांत खोलीची गोष्ट भाडेकरूनं सांगितलेली आहे. साहजिक आहे, लेखक तरुणपणी भाडेकरू असतो. पण मधल्या शहराचा खरा रहिवासी घरमालक आहे. आणि तो कोण आहे? पिढीजात वाडेवाला तो नाही. वाडे केव्हाच पडले. हा शिक्षक आहे, ग्रामसेवक आहे, बँकेतला, महावितरणातला, कोर्टातला कर्मचारी आहे. त्याची नोकरी वडवणीला, धारूरला, शिरूरला. राहतो बीडला. मुख्यालयी राहायचं की नाही, घरभाडे भत्ता घ्यायचा की नाही, यावरून दरवर्षी वाद होतो, ग्रामसभेचे ठराव होतात, तुम्ही पेपरात वाचता. त्यानं कर्ज काढून शहराच्या कडेला प्लॉट घेतला, खाली स्वतःसाठी बांधलं आणि वर दोन खोल्या काढल्या. भाड्यासाठी. त्या भाड्यातून हप्ता जातो.

म्हणजे चक्र बघा कसं आहे. सकाळी तो बीडहून वडवणीला येतो, इथल्या पोरांना शिकवतो. तीच पोरं बारावीनंतर बीडला जातात आणि त्याच्या वरच्या खोलीत राहतात. तो इथं शिकवायला येतो, पण इथं राहत नाही, कारण त्याच्या लेकरांना चांगली शाळा बीडमध्ये आहे. अप-डाऊन करणारा आणि खोली करणारा, सुरुवातीला मी ज्यांना दोन वेगळी माणसं म्हटलं, ते एकाच घरात वर-खाली राहतात. आणि दारात 'कुठले तुम्ही' विचारणारा हा माणूस स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दारात उभा होता. त्याला तेव्हा काय विचारलं होतं? त्यानं काय सांगितलं होतं? त्याला खोली मिळाली ती कशावर, नोकरीवर की आडनावावर? आणि आता तो तोच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं? त्याला खलनायक करणं सोपं आहे. मराठीत घरमालक बहुतेक वेळा एक तर खाष्ट असतो, नाही तर विनोदी. पण हा माणूस त्या दोन्हींत बसत नाही. कर्जाचा हप्ता, बायकोचं मत, शेजाऱ्यांची कुजबुज, आणि स्वतःची आठवण, एवढं सगळं घेऊन तो दाराच्या आत उभा आहे.

रंगनाथ पठाऱ्यांनी 'ताम्रपट'मध्ये सहकार आणि शिक्षणसंस्थांचं राजकारण एका जिल्ह्याच्या आकारात मांडलं, तेवढ्या आवाक्यानं हा प्लॉटवरचा माणूस कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. तुमच्यापैकी निम्म्या पोरांचे गुरुजी असे आहेत. काहींचे वडील असतील. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला पहिली प्रवासी रेल्वे आली, तीस वर्षं वाट पाहिल्यावर. मार्ग पुढं वडवणीवरून परळीला जायचा आहे. तो पूर्ण होऊन गाडी नेमानं धावू लागली, की अप-डाऊनचा हिशेब बदलेल, काही जणांना खोली करायची गरज उरणार नाही, काही वरच्या खोल्या रिकाम्या राहतील. तेव्हा लिहायला बसलात तर आठवणीतून लिहावं लागेल. आत्ता वर जाऊन बघता येतं.

वेळ झालेली आहे, प्रश्नांसाठी थोडी ठेवायला सांगितली होती. त्या चष्मेवाल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.